पहिलं बोरन्हाण आणि वाटी

नाणी नको असं मीच म्हणाले होते, हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जे झालं त्यात सगळ्यांनी मला तेच ऐकवलं.

आमची पोरगी तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि तिची पहिली संक्रांत. माझ्या आईनं नांदेडहून एका ओळखीच्या बाईसोबत बुटाच्या डब्यात कापूस घालून हलव्याचे दागिने पाठवले होते, मुकुट, हार, बाजूबंद, सगळं पांढरंशुभ्र, एक दाणा फुटला नव्हता. सासूबाई फोनवर म्हणाल्या की गावाला या, इथं करू. पण यांना सुट्टी नाही. हे कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत, आणि सगळ्यांना सुट्टी असते तेव्हाच बंद मशीन उघडून दुरुस्त करायचं काम यांच्यावर येतं, म्हणून सण म्हणलं की आमच्या घरात हे नसतातच. मग मी ठरवलं की इथं हैदराबादला, कुकटपल्लीतच करू, आमच्या दोन खोल्यांत, जेवढे येतील तेवढे.

येणार तरी कोण. संक्रांतीला अर्धी बिल्डिंग गावाला जाते. राहिल्या समोरच्या घरातल्या अक्का, आणि माझी एक मैत्रीण, ती मलकपेठची. अक्का तेलुगू, मी या शहरात आले तेव्हा मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता आणि त्यांना मराठीचा, म्हणून आम्ही हिंदीत बोलतो, जी दोघींनाही धड येत नाही, तरी दोन वर्षांत आमचं काही अडलं नाही. बाळंतपणात माझं पोट बांधलं ते त्यांनीच. मैत्रीण आपलीच, पण तिच्या आजोबांपासून ते लोक हैदराबादचे, म्हणून तिचं मराठी ऐकलं की हसू येतं. मी नववीपर्यंत शिकले तरी वाचून दाखवते, ती बीकॉम झालेली आणि मराठी पाटी वाचायला माझ्याकडे फोटो पाठवते.

तर अक्कांच्यातही हे असतं, भोगीच्या दिवशी लेकरांच्या डोक्यावरून बोरं टाकतात, पण त्यात पैशाची नाणी पण टाकतात. अक्का ताटलीत नाणी धुवून, पुसून घेऊन आल्या. मी म्हणाले नको, पोरगी दिसेल ते तोंडात घालते, गिळली तर. मी तशी भित्रीच आहे, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. नाणी काढली, मग मला हरभऱ्याची भीती वाटली, ते काढले, तिळगुळाच्या वड्या काढल्या, उसाचे तुकडे मोठे मोठे करून घेतले. शेवटी राहिली मोठी बोरं, चुरमुरे आणि शेवंतीच्या पाकळ्या. मैत्रीण म्हणाली, "अगं मग पोरीला बोरं लांबूनच दाखव ना." अक्कांना नाण्यांचं काही वाटलं नाही, त्यांना राग आला तो काळ्या झबल्याचा. त्यांच्यात सणाला लेकराच्या अंगावर काळं म्हणजे फारच वाईट. मी सांगितलं आमच्यात संक्रांतीला काळंच घालतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःच्या हातानं पोरीच्या कानामागं मोठी तीट लावली, म्हणजे दोन्हीकडचं भागलं.

चार वाजता पाटावर बसवलं. त्या दिवशी मी पोरीला दुकानातलं डायपर घातलं होतं. एरवी आम्ही घरी लंगोटच बांधतो, डायपर बाहेर जाताना, आणि एकदा घातलं की जड होईपर्यंत काढायचं नाही हा माझा नियम, एक एक डायपर मी पुरवून पुरवून वापरते. हे आत्ता सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

बोरं टाकली तशी पोरगी घाबरली, दोन्ही हात वर करून माझ्या गळ्यात आली आणि मंगळसूत्र धरून ओढलं. पोत तटकन गेली. आपल्यात तुटलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात, पण त्या वेळी मला शब्द कुठला सुचतोय, काळे मणी बोरांवर, चुरमुऱ्यांवर सगळीकडं पसरले आणि तिकडं बोरन्हाणाला बोलावलेली बिल्डिंगमधली पाच पोरं बोरं लुटायला तुटून पडली, कारण लुटायचीच असतात. अक्कांनी हातात परात धरून पोरांना मागं सारलं. आम्ही तिघींनी मणी वेचले. एक वाटी पायाखालीच सापडली. दुसरी नाही.

माझ्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची. हरवली ती माहेरची, पण ते मला नंतर कळलं, तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की पोरगी माझ्या मांडीवर बसून काहीतरी चघळत होती. मी तोंडात बोट घातलं, बोराचं साल निघालं. आणि मग तिला ठसका लागला.

बस्स. माझ्या डोक्यात तेच बसलं. नाणी नको म्हणाले आणि माझ्याच गळ्यातलं सोनं पोरीच्या पोटात गेलं.

अक्का पाचही पोरांचे खिसे तपासून आल्या, एकाच्या खिशात तर अर्धा किलो बोरं, पण वाटी नाही. खोली झाडली, पलंग ओढला, परातीतलं सगळं चाळणीनं चाळलं. मैत्रीण फोनवर व्हिडिओ बघायला लागली, गिळलं तर काय करायचं, एकात म्हणे केळं द्या, दुसऱ्यात म्हणे काहीच देऊ नका, तोवर मी अर्धं केळं दिलं होतं. पोरगी हसत होती. अक्का मला म्हणाल्या, "कायकू रोती, बच्ची हसरी ना," आणि तशाच स्वतःच्या घरात गेल्या आणि हळकुंड घेऊन आल्या, पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं, आणि माझ्या गळ्यात बांधलं. त्यांच्यात गळा मोकळा ठेवत नाहीत, मंगळसूत्र नीट होईपर्यंत हळकुंड घालायचं. मला काही विचारलं नाही, गाठ मारली आणि वरून हात फिरवला.

मैत्रीण म्हणत होती की यांना फोन कर. मी तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला.

त्याचं कारण असं की दोन महिन्यांपूर्वी पोरगी पलंगावरून पडली होती. मी दूध बघायला गेले, तेवढ्यात. टेंगूळ आलं, मी हळद लावली, टोपडं घातलं आणि यांना सांगितलं नाही. रात्री टोपडं निघालं आणि यांना दिसलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. हे दोन दिवस बोललेच नाहीत. जेवायचे, पोरीला खेळवायचे, डबा घेऊन जायचे आणि माझ्याकडं बघायचेही नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "पडली याचा राग नाही. तू लपवलंस." तेव्हापासून मला कशाची भीती वाटत असेल तर यांच्या त्या गप्प बसण्याची. म्हणून फोन केला नाही. म्हणजे तीच चूक परत केली, आणि करताना मला ते कळतही होतं. पोरीची शी होईल, वाटी पडेल, मी धुवून ओवून घेईन, यांना कशाला. असा माझा हिशेब.

सव्वासहाला हे आले. मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून घेतली होती. चप्पल काढता काढता म्हणाले, "हे गळ्यात पिवळं काय?" दोरा ओढणीच्या बाहेर आला होता. मी सांगायला सुरुवात केली आणि सगळं उलटंच सांगत गेले, आधी केळं, मग खिसे, मग नाणी, शेवटी वाटी. हे ऐकत होते. मग पोरीला उचललं, गाडीची चावी घेतली आणि खाली उतरले. एक शब्द नाही.

रस्ते एकदम मोकळे, सणामुळं. पतंगाचा मांजा कुठं येईल म्हणून हे हळू चालवत होते. पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये, हलव्याचा एक बाजूबंद अजून हातातच होता, तो चाटत होती. मी मागून यांच्या पाठीकडं बघत होते आणि मला वाटलं, आता चार दिवस. आठ दिवस. नेहमीचा दवाखाना बंद, डॉक्टर गावाला गेलेले. मग पुढच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाई होत्या. आधी एक्स-रेचा फोटो काढू म्हणाल्या. हे आत गेले, मला बाहेर बसवलं. पाच मिनिटांत बोलावलं आणि कॉम्प्युटरवर दाखवलं, पोरीच्या इवल्या इवल्या बरगड्या, आणि खाली, पोटाच्या एकदम खालच्या बाजूला, पांढरा गोल. वाटीच. मी ओळखली.

डॉक्टर म्हणाल्या की इतकी लहान गोष्ट बहुतेक आपोआप बाहेर पडते, पण एकदा बाजूनं फोटो घेऊ, नेमकी कुठं आहे बघू. मग विचारलं, कधी झालं. मी म्हणाले चार वाजता. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, सात वाजून गेले होते. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चार बजे? और अब लाए?"

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "मैं ड्यूटी पे था मॅडम. मेरे से देर हुई."

मी यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं बघत नव्हते, पोरीच्या पायातला काळा दोरा नीट करत होते. दोन तास मी लपवलं आणि एका वाक्यात यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. मला रडू त्या पांढऱ्या गोलाचं आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

परत आत गेले. मी दाराबाहेर उभी. आतून फोटो काढणाऱ्या माणसाचा आवाज आला, इस बार डायपर निकाल दो. मग हे हसले. मी ऐकलं तर मला वाटलं यांचं डोकं फिरलं, कारण पोरीच्या पोटात सोनं आहे आणि माणूस हसतोय, आणि थांबत नाहीये. दार उघडलं. यांच्या एका हातावर उघडी पोरगी आणि दुसऱ्या हातात ते डायपर, जड झालेलं, आणि त्यात मागच्या बाजूला दोन बोरं, मूठभर चुरमुरे, शेवंतीच्या पाकळ्या, आणि वाटी.

झबल्याचा गळा मोठा होता. डोक्यावरून टाकलेलं आणि माझ्या गळ्यातून सुटलेलं, सगळं पाठीवरून घसरून आत गेलं होतं. पोटात काही नव्हतंच, पोटाच्या मागं होतं. आणि मी दुपारपासून ते डायपर बदललं नव्हतं, कारण जड झाल्याशिवाय काढायचं नाही.

डॉक्टर बाई पण हसल्या. म्हणाल्या, बोरन्हाण छान झालेलं दिसतंय. मराठी निघाल्या.

बाहेर आल्यावर यांनी रस्त्यावरच्या नळावर वाटी धुतली, रुमालात बांधली आणि गाडी सुरू करायच्या आधी म्हणाले, "पोरगी पडली, तिनं गिळलं, दूध उतू गेलं, काही पण. मला फोन करायचा. मी मशीन उघडं टाकून येईन." मी मान हलवली. मी म्हणाले, तुम्ही बोलणार नाही असं वाटलं. हे म्हणाले की गाडी चालवताना यांच्याही तोंडाला कोरड पडली होती, बोलणार काय. दोन महिन्यांपूर्वी पण तसंच झालं होतं म्हणे. ते मला माहीतच नव्हतं. मी दोन महिने ज्याला राग समजत होते ती यांची भीती होती.

घरी अक्का जिन्यात बसून होत्या आणि मैत्रीण अजून मलकपेठला गेलीच नव्हती. मी सांगितलं तर अक्कांना आधी कळेना, मग यांनी हातवारे करून दाखवलं, तेव्हा अक्का इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर टेकावं लागलं. मैत्रीण म्हणाली की यापुढं बोरन्हाण लंगोटावरच. ती वाटी अक्कांनी दुधात बुडवून देवापुढं ठेवली, मग दिली. माझं हळकुंड मात्र काढू दिलं नाही, म्हणाल्या आधी ओवून घे.

सोनाराची दुकानं बंद. म्हणून यांनीच आपली कामाची पिशवी काढली, तांब्याची केसासारखी बारीक तार घेतली आणि चष्मा लावून खाली मान घालून मणी ओवले, मधे दोन वाट्या, आणि टोकाला पकडीनं पीळ दिला. मैत्रीण म्हणाली, वायरिंग पक्की झाली. ती तार चार दिवसांत गळ्याला हिरवी लागायला लागली, मग सोनाराकडं नवी पोत करून घेतली. तार मी डब्यात ठेवली आहे, हलव्याच्या मुकुटाशेजारी.

सासूबाईंचा फोन त्याच रात्री आला, बोरन्हाण कसं झालं म्हणून. यांनी फोन घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, चांगलं झालं आई, लेकराच्या अंगावर सोनं निघालं. त्या खूश झाल्या. अजून त्यांना खरं माहीत नाही.

आणि मी आता सगळं सांगते. पोरगी शिंकली, पोरीनं भात थुंकला, पोरगी दाराला धरून उभी राहिली, सगळं, ताबडतोब, यांच्या ड्यूटीवर फोन करून. परवा हे फोनवर म्हणाले की अगं, इतकंही नको, सुपरवायझर विचारतो घरी काय झालं म्हणून. मी म्हणाले, मशीन उघडं टाकून येतो असं कोण म्हणालं होतं. पलीकडून काही उत्तर आलं नाही. पण आता यांच्या गप्प बसण्याला मी घाबरत नाही, फोन कानाला लावून थांबते. थोड्या वेळानं यांनी विचारलंच, किती वेळा शिंकली.