सगळ्या फॉर्ममध्ये एकच मुलगी

हे आत्ताच सांगायला हवं. एका कॉलेजसाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत प्रवेशाची वेबसाइट केलीय. दुपारी आमच्या गावाहून, रनाळ्याहून, चुलत बहिणीचा फोन आला. "भाऊ, मन्हा फॉर्ममा ही दुसरी पोर कोन शे?"

तिचा डोमिसाईल दाखला उघडला, तर फोटो अनोळखी मुलीचा. गावातल्या बाकीच्यांचे फॉर्म उघडले. सगळीकडे तीच मुलगी, माझ्याकडे बघत होती.

गावातला स्कॅनवाला प्रत्येक फाइलला "दाखला" हेच नाव देतो. माझी वेबसाइटही आलेली फाइल टेम्पररी फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवत होती, म्हणून नवी फाइल जुनीला पुसत गेली आणि शेवटी आलेल्या त्या मुलीचाच दाखला सगळ्यांना लागला. पायथन प्रत्येक फाइलला वेगळं नाव देऊ शकतं, मी ते वापरलंच नाही.

उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे. आता दाखला पुन्हा पाठवा म्हणून घरोघरी फोन करतोय, अर्धे उचलतच नाहीत. तुमच्या हातून असं कधी झालंय का?