नावाडीण आत्या
शेंगदाणे भाजल्याचा वास आला की इंदिरानगरच्या घरातली एक रविवारची दुपार आठवते. यजमान गेल्यावर आत्या सायखेड्याहून आमच्याकडे राहायला आली होती आणि फारसं बोलत नसे. आम्ही मैत्रिणी गोष्टीचा खेळ मांडून बसलो होतो. मी प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन काय करायचं ते ठरवायचं आणि ते साधलं का, हे फाशाने सांगायचं. आत्या गरम दाण्यांची ताटली ठेवून निघाली, तशी मी तिला हात धरून बसवलं. "मला नाय जमायचं गं," म्हणत ती नावाडीण झाली. मी म्हटलं, "नदीला पूर आलाय, पलीकडे माणसं अडकलीत. तू काय करतेस?" तिने आमच्याकडेच पाहिलं. "काय करू?" "तूच ठरव ना." तिने दाण्यांची ताटली बाजूला सारली. मग पदर खोचून म्हणाली, "नाव आधी वरच्या अंगाला नेते, मग धारेत सोडते." तिने फासा टाकला. आकडा अगदीच लहान पडला, नाव उलटली. मला चुटपुट लागली, पण आत्या सरसावून बसली. "उलटू दे. मला पोहता येतं. पुढं सांग!" दोन महिन्यांनी ती आपणहून सायखेड्याला परतली. परवा मी फोन केला तर घाईत होती. म्हणाली, "ओट्यावर शेजारणी जमल्यात. आज गोष्ट मी सांगणार हाय."