ताई बसली की वाजणारा हॉर्न

आमच्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, जगातल्या सगळ्या तारा सारख्याच वाटतात. घाटंजीला त्यांचं बियाणं-खतांचं कृषी केंद्र आहे आणि गावाबाहेर शेत. विहिरीवरची मोटर बंद पडली की ते दातांनी तार सोलतात, पिळा देतात, वर हाताला येईल ते गुंडाळतात, आणि मोटर खरंच चालू होते. त्यामुळे वायरिंग हा शिकायचा विषयच नाही असा त्यांचा पक्का समज झालेला. आणि त्यांची साळी, म्हणजे मी, यवतमाळला आयटीआय करून पांढरकवड्यात हायवेला लागून गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं दुकान थाटून बसलेली. आमचं पटणार कसं? त्यांना चिडवायचा परवाना मला साळी म्हणून मिळालेला आहे, आणि तो मी पुरेपूर वापरते.

ताई घाटंजीजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. एसटी चुकली की कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळत जायची. पन्नाशीला टेकल्यावर ती गाडी चालवायला शिकली आणि माणूस बदलला. फोनवर आधी "काय वं, जेवली का?" विचारायची, आता "आज मी ट्रॅक्टरले ओव्हरटेक केलं" असं सांगायला लागली. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग हॉर्न आपोआप वाजायला लागला. हॉर्नही साधा नव्हे. भाऊजींच्या हौसेचा, ट्रकचा. तो वाजला की समोरची म्हैस बाजूला तर होतेच, वर दोन दिवस दूध देत नाही. आणि गंमत अशी की तो आपोआप वाजायचा फक्त ताई चालवत असताना. भाऊजी बसले की गाडी एकदम शहाणी.

एकदा शाळेच्या फाटकात वाजला, परिपाठ चालू असताना. एकदा कापसाच्या बैलबंडीमागे वाजला आणि बैल रस्ता सोडून तुरीत शिरले. कहर झाला तो एका मयतीच्या मागे. माणसं तिरडी घेऊन सावकाश चालली होती, ताई मागून गाडी तितक्याच सावकाश आणत होती, आणि भोंऽऽ! खांदेकरी दचकले, पुढचा मडकेवाला दचकला, तिरडीवरचा तेवढा शांत राहिला. त्या दिवसापासून घाटंजीत "मास्तरीणबाईले लय घाई असते" हा विषय चघळायला पुरला.

भाऊजींनी निकाल देऊन टाकला. "हिच्या हाताले वळण नाई. बटणावरच हात टेकून बसते." गाडी विकायची म्हणून पुसदचा एक गिऱ्हाईकही त्यांनी ठरवून टाकला. बाजाराच्या दिवशी तो गाडी पाहायला येणार होता. तोवर एकदा साळीला दाखवू, म्हणजे उद्या कुणी काही बोलायला नको, अशा हिशेबाने ते गाडी घेऊन माझ्याकडे आले. चालवत ते, शेजारी ताई, मांडीवर पर्स घट्ट धरून.

आताच्या गाड्यांमध्ये बॉडी कंट्रोल नावाची एक पेटी असते. दिवे, काचा, दारांची कुलपं, वायपर, हॉर्न, सगळा घरकारभार तिच्याकडे. जुन्या वळणाच्या सासूसारखी ती प्रत्येकावर नजर ठेवते आणि कुणाचं काही चुकलं की कोड टाकून लक्षात ठेवते. आपण स्कॅनर जोडला की सगळ्या तक्रारी बाहेर. मी स्कॅनर जोडला. कोड एकच होता, आणि तोही आत्ताचा नाही, मागे कधीतरी पडलेला. हॉर्नचं बटण जास्त वेळ दाबलेलं राहिलं, असा त्याचा अर्थ.

भाऊजी माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

"पाह्य! दाबलेलं! मी काय म्हनून राह्यलो होतो? आता मशीन खोटं बोलते का?"

मी त्यांना समजावून पाहिलं. पेटीला फक्त एवढंच कळतं की हॉर्नची तार गाडीच्या लोखंडाला टेकली. बटण दाबलं तरी तेच होतं, आणि तार कुठे सोलून टेकली तरी तेच होतं. पेटीला बोट दिसत नाही. कोड म्हणजे साक्ष आहे, निकाल नाही. भाऊजी मान हलवत ऐकत होते, पण त्यांच्या कानात "मशीन खोटं बोलते का" हेच वाजत होतं.

"हा हॉर्न बसवला कोणी?" मी विचारलं.

"नागपूरले. मोठ्या दुकानात. एकदम पक्कं काम हाये," भाऊजी म्हणाले आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला निघून गेले.

ते गेल्यावर ताई हळूच म्हणाली, "मी नाई दाबत वं. पण आता सारेच म्हनून राह्यले तं मलेच वाटते, दाबत असीन का? काल शाळेत जाताना मी दोन बोटांनं स्टेअरिंग धरून गेली. मले भेव वाटते आता. पन गाडी सोडाची नाई मले."

मला असा राग आला की हातातला स्क्रू ड्रायव्हर मी डब्यात आपटला. गाडीची चांगली सवय झालेली बाई दोन बोटांनी गाडी चालवते, याला काय म्हणायचं! मी भाऊजींना सांगितलं, गाडी ठेवून जा, गिऱ्हाइकाच्या दिवशी मीच घाटंजीला आणून देते.

गाडी हातात आल्यावर मी फ्यूज पाहिले, रिले पाहिला, बटण उघडून पाहिलं. सगळं ठणठणीत. स्टेअरिंगखालचं झाकण काढून आत बॅटरीचा उजेड मारला. ट्रकच्या हॉर्नसाठी ओढलेली जादा तार वरच्या पोकळीत गेलेली दिसली, पुढचं काही दिसेना. हायवेवर फिरवली, मुद्दाम खड्ड्यातून घातली. हॉर्न गप्प. गाडीही ताईलाच नडतेय की काय, असं मलाही क्षणभर वाटलं, आणि त्याचा मला आणखी राग आला.

शेवटी शाळा सुटल्यावर ताईलाच एसटीने बोलावून घेतलं. म्हटलं, तू रोज बसतेस तशी बस, मी नुसती पाहते. ताई बसली. आधी सीट पुढे ओढली. मग आरसा वळवला. मग स्टेअरिंग वर-खाली करायची दांडी सोडून ते आपल्याकडे खाली घेतलं. ताई आईवर गेलेली, ठेंगणी. मी आणि भाऊजी दोघंही उंच, त्यामुळे त्या दांडीला मी हातही लावलेला नव्हता. तिने गाडी दुकानाबाहेर काढली, नालीवरच्या फरशीवर चाक आदळलं, आणि भोंऽऽ! समोरच्या टपरीवर एकाचा कप पडला.

"हात वर कर!" मी ओरडले. ताईने दोन्ही हात वर केले. हॉर्न वाजतच होता.

मी खाली वाकून आत डोकं घातलं. स्टेअरिंग खाली आल्यामुळे ती जादा तार ताणून बाहेर आली होती आणि तिच्यातला जोड लोखंडी पट्टीला जाऊन टेकला होता. तार दातांनी सोललेली. पिळा विहिरीवरच्या मोटरीला देतात तसा. आणि वर गुंडाळलेली होती पुडकी बांधायची पिवळी चिकटपट्टी, उन्हाने फाटलेली, तरी तिच्यावर ठळक अक्षरात छापलेलं नाव वाचता येत होतं. आमच्या भाऊजींच्या कृषी केंद्राचं.

ताईने ते वाचलं. आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती इतकी हसली की सीटवर आडवी झाली. हसता हसता म्हणाली, "म्हंजे मी नाई दाबत."

"तू नाई दाबत," मी म्हटलं.

जोड तिथल्या तिथे दुरुस्त करता आला असता. पण मग भाऊजी म्हणाले असते, काय तं एक तार होती. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. लहानपणी चिंचा पाडायला जाताना आम्ही अशाच बघायचो.

बाजाराच्या दिवशी मी गाडी घाटंजीला नेली. गावात शिरताना स्टेअरिंग पुन्हा खाली घेतलं. पुसदचा गिऱ्हाईक ओट्यावर चहा पीत होता, जाड मिशांचा, बोलका माणूस. भाऊजींना म्हटलं, "तपासली गाडी. आता तुमीच चालवून दाखवा. फक्त स्टेअरिंगची दांडी जाम हाये, तिले जोर लावू नका, हाती येईन."

भाऊजी बसले. गुडघे स्टेअरिंगला टेकले, तरी रुबाबात बसले. शेजारी गिऱ्हाईक, मागे आम्ही बहिणी, गरीब गायीसारख्या. गल्ली संपली, बाजाराचा रस्ता लागला, पहिला खड्डा आला, आणि भोंऽऽ! मिरचीवाली उभी राहिली. दुसरा खड्डा, भोंऽऽ! एक बोकड दोरी तोडून पळाला. घाटंजीच्या बाजारात खड्ड्यांना काय तोटा?

"अहो भाऊ, हात काढा ना बटनावरचा!" गिऱ्हाईक म्हणाला.

"मी नाई दाबून राह्यलो!"

"मंग कोन दाबून राह्यलं?"

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "काय गा, आज तुले बी घाई झाली का?" भाऊजींनी गाडी थांबवली आणि दोन्ही हात हवेत धरले. हॉर्न चालूच. त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. "पाह्य, पाह्य, हात कुठं हाये माझा! मी खरंच नाई दाबत!"

मागून ताई अगदी वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाली, "मशीनमंदी तं दाबलेलं लिहून येते. आता मशीन खोटं बोलते का?"

मी उतरले, खाली हात घातला, जोड पट्टीवरून सोडवला. हॉर्न बंद झाला आणि बाजार एकदम ऐकू यायला लागला. गिऱ्हाइकाने वाकून पाहिलं आणि चिकटपट्टीवरचं नाव मोठ्याने वाचलं. मग मिशीत हसत म्हणाला, "भाऊ, नागपूरचं पक्कं काम म्हनत होते ते हेच का? गाडी राहू द्या तुमाले. हॉर्न इकता का?"

भाऊजी उतरले, गाडीला वळसा घातला आणि मागचं दार उघडून ताईसमोर उभे राहिले. "तूच ने घरी," म्हणाले. मग आणखी हळू म्हणाले, "मयतीच्या वेळी मी तुले लय बोललो." ताई पुढे जाऊन बसली. सीट ओढली, आरसा वळवला. स्टेअरिंगला हात लावावा लागला नाही, ते तिच्याच मापाला होतं. दोन्ही हातांनी तिने ते घट्ट धरलं आणि भर बाजारातून गाडी घरी आणली.

त्याच संध्याकाळी मी जोड पक्का केला, तार जागेवर बांधली, पिवळी चिकटपट्टी ताईला दिली. भाऊजींनी विचारलं, आता स्टेअरिंग वर घेतलं तर चालेल ना? मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "काहीच भरोसा नाई. वर केलं की वाजू शकते. ताईच्या मापालेच राहू द्या."

खरं तर ते स्टेअरिंग आता कुठेही न्या, हॉर्न वाजणार नाही. ताईला हे ठाऊक आहे. भाऊजी अजून गुडघे दुमडूनच गाडी चालवतात.