गोड्या पाण्याखालचं पाणी

कासारवाडीचे हिंदुराव विहिरी खोदत. त्या दिवसांत पिंपरीला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाला आधी पाणी लागे. त्यामुळे देशाची औद्योगिक प्रगती हिंदुरावांनी खालून पाहिली. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं : पाणी आटलं की अजून एक परस खाली जायचं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. पंचवीस वर्षांत काळ्या खडकानं हे वाक्य एकदाही खोटं पाडलं नव्हतं.

अठ्ठावन्न साली एक कंत्राटदार त्यांना मालदीवला न्यायला निघाला. तिथल्या एका बेटावर गोदाम बांधायचं होतं.

"तितं डोंगर हाय का?" त्यांच्या बायकोनं, गोजाबाईंनी विचारलं.

"असंल की. देश हाय त्यो."

डोंगर नव्हता. कोलंबोहून शिडाच्या गलबतातून नऊ दिवस ओकत गेल्यावर जो देश समोर आला, तो माडांएवढा उंच होता. माड वगळले तर कमरेएवढा. समुद्र आपल्यापेक्षा वर आहे, असं हिंदुरावांना पहिल्याच दिवशी वाटलं, आणि असं एकदा वाटलं की समजूत घालून जात नाही. त्यात कंत्राटदार सिमेंट आणायला गलबत घेऊन परत गेला. सामान राखायला हिंदुराव एकटे उरले. गलबत महिन्यानं येणार होतं.

वस्तीत तीनशे माणसं आणि पिण्याच्या पाण्याची विहीर एक, तीही छातीएवढी खोल. मार्चात तिचं पाणी तळाला गेलं. आपल्याला कळतं असं काहीतरी या देशात हिंदुरावांना प्रथमच दिसलं. ते पहार घेऊन आत उतरले.

गावचा प्रमुख, म्हणजे कतीब, तरुणपणी कलकत्त्याला सुकी मासळी विकायला जाई. त्याला हिंदुस्थानी येत होती. तो काठावर आला.

"बस, मिस्त्री. और नीचे मत जाना."

"अरे चाचा, नीचेच तो मीठा मिलेगा! हमारा रोज का धंदा है."

पाहुण्याशी दोनदा वाद घालणं तिथं वाईट समजत. कतीब होड्यांकडे गेला.

दुपारपर्यंत विहीर भरली. हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. एका म्हातारीनं पोहरा ओढला, घोट घेतला आणि थुंकली.

खाली खडक नव्हताच. खाली समुद्र होता. दुधावर साय धरावी तसं पावसाचं पाणी त्याच्यावर तरंगत होतं, आणि हिंदुरावांनी ती साय फोडली होती.

"रेत वापस डालो," कतीब म्हणाला. "फिर देखेंगे."

"कितना दिन?"

"अल्ला जाने."

हिंदुरावांनी वाळू परत भरली, हातांची सालटं निघेपर्यंत. कुणी शिवी दिली नाही. ही विहीर कासारवाडीत असती तर चार माणसांनी गचांडी धरली असती आणि प्रकरण मिटलं असतं. इथं आता पाण्याच्या जागी शहाळी आली होती, आणि रोज सकाळी पहिलं शहाळं त्यांच्यापुढे येई, मग पोरांना मिळे. शेजारच्या बेटावरून होडीनं पाणी येई, तेही वारा असेल त्या दिवशी. माडांवरची शहाळी संपली की ही शांत माणसं काय करतील, याचा विचार ते करत. आणि पळायचं तर कुठं, याचाही. पाचशे पावलांत देश संपत होता.

रोज उजाडताच ते पाणी चाखत. बायका घागरी घेऊन उभ्या राहत आणि विहिरीकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत. ते मान हलवत. त्या रिकाम्या घागरी घेऊन परत जात.

एकोणिसाव्या दिवशी घोट घेतला आणि हिंदुरावांना काहीच कळेना. पाणी गोड झालं, की जीभच खारावली? हो म्हणावं आणि ते खोटं निघावं, तर? त्यांनी चूळ भरून टाकली आणि दुसरा घोट घेतला, मग तिसरा.

त्या दिवशी थुंकलेल्या म्हातारीनं उरलेलं पाणी त्यांच्या हातातून काढून घेतलं. प्यायली. तोंडात घोळवलं. पुन्हा प्यायली. मग हिंदुरावांना कोपरानं बाजूला सारून तिनं पोहरा आत सोडला, आणि मागच्या बायकांनी रांगेसाठी भांडण सुरू केलं.

हिंदुराव तिथंच वाळूत बसले.