सुनंदाचा फाडलेला फॉर्म

आक्का, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या धाकट्या बहिणीची, माझ्या सुनंदाची, तक्रार मी माझ्या हातांनी फाडली होती.

भुसावळच्या फलाटावर तुम्ही सगळे आम्हाला सोडायला आला होतात. तिला तिसरा महिना होता. खिडकीतून हात घालून तुमच्या आईंनी मला बजावलं, "जावईबापू, दिल्लीला न्या नाहीतर काशीला. सातव्यात माझी पोर मला परत हवी. पहिलं बाळंतपण माहेरीच." मी मान डोलावली. तुम्ही म्हणालात, "मान बघा कशी हलतेय, आत्ताच दिल्लीवाले झाले!"

नव्वदीनंतरचे ते दिवस. नोएडात सेक्टरमागून सेक्टर उगवत होते आणि त्यातल्याच एका नव्या खासगी हॉस्पिटलात मला नोकरी लागली होती. राहायला मयूर विहार. हॉस्पिटलला काचेचं दार, गुळगुळीत सोफे, फिनाइलवर शिंपडलेलं गुलाबाचं अत्तर. तपासणीला आलेल्या गरोदर बायकांकडून 'सेवा कशी वाटली' हा फॉर्म भरून घेणं, हे माझं काम. काहींना वाचता येत नसे, बाकीच्यांना घाई. मी सही नाहीतर अंगठा घ्यायचो आणि 'बहुत अच्छा'वर खुणा स्वतःच करायचो. मालक खूश. "महाजनजी, एक भी शिकायत नहीं!"

सुनंदाला सातवा लागला तसे मालकच म्हणाले, "भाभीजी की डिलिव्हरी यहीं होगी. स्टाफ ही बाहर जाएगा तो लोग क्या कहेंगे?" मी लगेच हो म्हटलं. तुम्हाला मात्र पत्रात कळवलं, की सुनंदालाच इथे राहायचंय. ती रडली, पण मला खोटं पाडलं नाही.

एकदा तपासणीहून ती थेट माझ्या टेबलाशी आली. "अहो, दंडाला पट्टा बांधलाच नाही. मशीन बिघडलंय म्हणे. बीपीचा मागचाच आकडा उतरवला. पायाची सूज दाखवली तर नर्स हसली." फॉर्मवरही तिने हेच लिहिलं होतं, मराठीत, सुवाच्य अक्षरात. मशीन महिनाभर बंद होतं, हे मला ठाऊक होतं. मी एवढंच म्हणालो, "माझ्याच ऑफिसात माझी शोभा करतेस?" ती रिक्षात बसून गेल्यावर मी तो कागद फाडला, नवा भरला आणि त्यावर तिची सही केली.

संध्याकाळी तिने विचारलं, "दिलात ना वरती?"

"दिला."

त्यानंतर बाराव्या दिवशी तिला झटके आले. सरकारी रुग्णालयात नेलं, तिथे ती वाचली. मुलगा गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, "बीपी किसी ने देखा नहीं था क्या?" मी तिचं कार्ड पुढे केलं. त्यावर ओळीने एकच आकडा होता.

तुम्ही धावत आलात आणि तिच्या तोंडावर म्हणालात, "दिल्लीचं वारं लागलं हिला. आईकडे आली असती तर?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी चहा आणायच्या निमित्ताने बाहेर पडलो. एवढा मी हलकट.

नंतर मुलगी झाली. आज तीच गरोदर आहे. परवा तिने हॉस्पिटलचा मेसेज दाखवला. "बाबा, फीडबॅक मागतायत. पाचही स्टार दाबून टाका ना, यार." मी फोन टेबलावर ठेवला. सुनंदा शेजारीच होती. म्हणाली, "काही खुपलं असेल तर भांडून ये, बाई. मी नुसतं लिहून दिलं होतं. तेव्हा भांडले असते तर..."

इतकी वर्षं ती स्वतःलाच दोष देते आहे.

तुम्ही विचारता, गावाकडे का येत नाही. ज्या घरात अजूनही 'तिनेच ऐकलं नाही' असं म्हणतात, तिथे मी कुठल्या तोंडाने जेवू? आणि इथलं घर म्हणजे ती समोर बसून भाजी निवडते आणि मी पेपर तोंडासमोर धरून बसतो, एवढंच.

तिने माहेरी यायला कधीच नकार दिला नव्हता, हे आज तुम्हाला लिहिलं. तिचा कागद मी फाडला, हे तिला सांगायचं अजून बाकी आहे.