तोंडी दिलेली जीप

माझा थोरला भाऊ म्हाळू दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होता. फार चांगला माणूस, असं सगळे म्हणतात. मला त्या शब्दाचाच राग येतो. ज्याच्याकडून काहीही काढून घेता येतं तो चांगला, एवढाच अर्थ आमच्या वडगाव रासाईत मी लहानपणापासून पाहिला.

१९७० च्या उन्हाळ्यात दादा आईला भेटायला गावी गेला होता. आमची आई, आक्काबाई, गावाकडच्या बौद्धवस्तीत एकटी राहायची. हौसराव गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. लष्कराच्या लिलावातली एक जुनी विलिस जीप त्यांच्या गोठ्यात सहा वर्षं मरून पडली होती. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायच्या. दादा तिच्याकडे टक लावून उभा राहिला, तेव्हा हौसराव चार माणसांदेखत म्हणाले, "घिऊन जा ती अडगळ. चालू केलीस तर तुझी."

दादाने ते खरं धरलं. बैलजोडी लावून, भीमेच्या वाळूत ठिकठिकाणी रुतत, त्याने ती दौंडला आमच्या दारात आणली. मी त्याच्याकडेच राहून प्राथमिक शाळेत शिकवत होते. पुढची चार वर्षं आमच्या अंगणात धुणं वाळत घालायला जागा उरली नाही.

ड्यूटीवरून आला की चहा प्यायचा आणि जीपखाली शिरायचा. त्याने इंजिन सगळं उकललं, व्हॉल्व्ह हाताने घासून बसवले. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन पिशवीभर लोखंड आणायचा. पुढच्या चाकांना ओढ देणारा शाफ्टच गायब होता. पेट्रोल वाचावं म्हणून कोणीतरी तो काढून फेकला होता. चारी चाकं ओढत नसतील तर तिला जीप कशाला म्हणायचं, असं दादाचं म्हणणं. त्याने एका ट्रकचा शाफ्ट मिळवला, मापात कापला, वेल्डरकडून जोडून घेतला आणि तो सरळ बसेना म्हणून तीनदा उतरवला. मागच्या स्प्रिंगला एकेक पाटा वाढवला. हूडचं जाड कापड मी मशीनवर शिवलं, त्यात सहा सुया मोडल्या. बहात्तरच्या दुष्काळात घरात मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी चालल्या होत्या, तरी या गड्याचं जीपवरचं लक्ष हललं नाही.

गावी गेला की तो हौसरावांकडे जीप नावावर करायच्या कागदाचं काढायचा. कागदाची कसली घाई, तू काय परका आहेस का, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ज्यांच्या ओट्याची पायरी आम्ही कधी चढलो नाही, ते आम्हाला परके नाही म्हणत होते, आणि माझा भाऊ खुशीत घरी येत होता.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये जयंतीला आम्ही जीप घेऊन गावी गेलो. नदीच्या वाळूत उतरताना दादाने गिअरशेजारचा छोटा दांडा टाकला, चारी चाकांनी वाळू धरली आणि गाडी न थांबता पल्याड गेली. वस्तीतल्या लोकांनी बॉनेटवर बाबासाहेबांची तसबीर बांधली. आई पुढच्या सीटवर बसली, नऊवारीचा पदर नीट खोचून. मिरवणूक चावडीवरून, हौसरावांच्या वाड्यासमोरून गेली. ते दारात उभे होते. चार वर्षांत ज्यांना जीप आपली आहे हे आठवलं नाही, त्यांना ते त्या दिवशी आठवलं.

चौथ्या दिवशी दादाला निरोप आला. मीही बरोबर गेले. आम्हाला अंगणात उभं करून हौसराव म्हणाले की कागद माझ्या नावावर आहे, गाडी आणून लाव. दादाने त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. बोलायचं म्हणून बोललो होतो, असं ते म्हणाले. मग अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "आक्काबाईला ह्याच गावात राहायचंय न्हवं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी दादाला म्हटलं, खोल सगळं, बोल्टसुद्धा ठेवू नकोस, नेला तसा सांगाडा नेऊन टाक त्यांच्या दारात. तो म्हणाला, "चालती गाडी माझ्या हातानं मोडायची न्हाई मी." आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

त्याने जीप धुतली, ग्रीस भरलं आणि स्वतः चालवत नेऊन दिली. एवढ्यावर थांबेल तर तो माझा भाऊ कसला. हौसरावांचा पुतण्या पोपटराव गाडी चालवणार होता, त्याला दादा तो छोटा दांडा समजावून सांगत बसला. "वाळू-चिखलातच टाका ह्यो. डांबरावर टाकला तर चाकं एकमेकांशी भांडत्यात आन् गिअरबॉक्सचे दात जात्यात." पोपटराव हसला. तू आम्हाला गाडी शिकवणार का, म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात दादाने आईला कायमचं दौंडला आणलं. आपलं घर सोडताना ती उंबऱ्यावर बसून राहिली होती. हेही हौसरावांच्या खात्यावर मी लिहून ठेवलंय.

पोपटरावाला चारी चाकांची ऐट होती. शिरूरच्या डांबरी रस्त्यावर, लग्नाला, सभेला, कुठेही जाताना तो दांडा टाकलेला. कुणी विचारलं तर म्हणायचा, आमची गाडी चारी पायांनी पळते. तीन महिन्यांत गिअरबॉक्स कडाडला. शिरूरच्या मेकॅनिकने हात वर केले, आणि जीप पुन्हा गोठ्यात गेली.

दिवाळीनंतर एका सकाळी हौसराव स्वतः आमच्या दारात आले. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. ती गाडी तुझ्याशिवाय कोणाला जमायची नाही, म्हणाले. घेऊन ये, नीट कर आणि आता कायमची तुझ्याकडेच ठेव, शब्द देतो.

दादा म्हणाला, "आधी कागद माझ्या नावावर करा, आबा."

"माझ्या शब्दावर भरवसा न्हाई?"

"न्हाई."

आमच्या सात पिढ्यांत त्या घराण्याच्या तोंडावर हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. हौसराव लाल झाले. एवढ्याशा कागदापायी जीप घालवशील, असं त्यांनी बजावलं.

"जीप मागंच गेली," दादा म्हणाला. "तवा आई तुमच्या गावात हुती, म्हून मला न्हाई म्हणता आलं न्हाई."

ते आल्या पावली निघून गेले. कागद त्यांनी केला नाही, आणि पुढे ती जीप भंगारात गेली.

मला वाटलं होतं की त्या दिवशी मला आनंद होईल. पण ते दिसेनासे झाले आणि दादा पायरीवर बसून हुंदके देऊन रडायला लागला, चाळिशीचा माणूस, शेजारपाजारच्यांच्या देखत. त्या गिअरबॉक्सात कोणी तेलसुद्धा बघितलं नसेल, एवढंच तो म्हणत होता. आई त्याच्याजवळ जाऊन बसली. हौसराव वारल्याला आता किती वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं मला लोक सांगतात, आणि मी सरळ नाही म्हणते.