हुंकारापुरती जागा

दापोडीत रेल्वे लाइनीच्या कडेच्या गल्लीत साहेबराव ओव्हाळ राहतो. राहतो म्हणजे एकटाच. बायको केसरबाई वारली, लेक आम्रपाली लग्न होऊन नाशिकला गेली. घरात उरला तो, एक टेबल, आणि टेबलावरची काळी चपटी पेटी.

ह्या पेटीला बोटं ठेवायला पट्ट्या नाहीत. पट्ट्यांचा कीबोर्ड वेगळा, तो वायरीनं जोडायचा. ही नुसती आवाजांची कोठी. बासरी, व्हायोलिन, परदेशी ढोल, सगळं हिच्या पोटात. जपानी माल, पण जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. गायन पार्टी जोरात होती तेव्हाची खरेदी. तेव्हा साहेबराव कीबोर्डवर असायचा आणि त्याला खेटून रंगराव ढोलकीवर. जयंती असो, विहारातला कार्यक्रम असो, कुणाचं बारसं असो, ही जोडी ठरलेली.

रंगरावाची एक खोड होती. समेवर थाप पडायच्या आधी नाकातून 'हं' करून हुंकार सोडायचा. तो माइकात शिरायचा. गाणाऱ्या मंजुळाबाई वैतागायच्या, "रंगराव, ढोलकी वाजवताय का म्हैस हाकताय?"

"बाई, ते बंद केलं तर माझा हात उठत न्हाई."

"मग हात उचलायला माणूस ठेवा एखादं!"

पुढं मोबाइलवरचं आयतं संगीत आलं आणि पार्टी विस्कटली. त्यात रंगरावाला लकवा मारला. उजवा हात गेला. संध्याकाळी गप्पा ठोकायला साहेबरावाकडं यायचा, तेही थांबलं. साहेबराव त्याच्या दारी गेला की रंगराव म्हणायचा, "वाजवायचं संपलं, आता काय तुझं तोंड बघत बसू?"

हे साहेबरावाला लागलं. उभा जन्म त्यानं पिंपरीतल्या टीव्हीच्या कंपनीत बिघडलेले बोर्ड दुरुस्त करण्यात घातला होता. पेटी उघडली की आत एक मोकळी खाच दिसते, हे त्याला ठाऊक होतं. त्या खाचेत जादा आवाजांचं कार्ड बसतं. कंपनीनं ती कार्डं करणं कधीच सोडलं. मग आपणच करू. रंग्याची ढोलकी पेटीत भरू. तो शेजारी बसून लय सांगेल, आपण पट्टी दाबू, आणि यंदाच्या जयंतीला पुन्हा दोघं एका सतरंजीवर.

बेत चांगला होता. माणूस एकटा असला की त्याचे बेत चांगलेच असतात, त्यांना मोडता घालायला घरात कोणी नसतं.

भोसरीच्या भंगारवाल्याकडून त्यानं जुने बोर्ड आणले, त्यातली आठवण धरणारी आयसी उकलून काढली. कार्डासाठी तांबं चढवलेल्या पत्र्यावर पेननं वीज वाहायच्या रेघा मारल्या आणि तो पत्रा श्रीखंडाच्या डब्यात, तांबं खाणाऱ्या तपकिरी पाण्यात सोडला. रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं पाणी खातं. पहिल्या खेपेला ह्याला जेवताना डुलकी लागली आणि पाण्यानं रेघासुद्धा खाल्ल्या. केसरबाई असती तर तिनं ह्याला डब्यासकट बाहेर काढला असता. दुसऱ्या खेपेला जमलं.

तालमीच्या जुन्या कॅसेटवरून एकेक थाप वेचून त्यानं आयसीत भरली. पण आयसी लहान. सगळं मावेना. म्हणून त्यानं प्रत्येक थापेच्या पुढचं मागचं छाटलं. थाप तेवढी स्वच्छ ठेवली, काचेसारखी.

रंगरावाला हट्टानं घरी आणून खुर्चीत बसवलं आणि पट्टी दाबली. ढोलकी खणखणली.

रंगराव ऐकत राहिला. मग म्हणाला, "ही कुणाची?"

"कुणाची म्हंजे? तुझीच."

"माझी? माझा हुंकार कुठाय ह्यात?"

"अरे, जागा पुरंना. तेवढा काढला. थाप तर पुरी हाय ना!"

"काढलास." रंगराव काठी टेकून उठला. "हात देवानं नेला, उरला होता तो हुंकार तू काढलास. वाजव आता, झाली तुझी सोय."

"रंग्या, ऐक तर..."

"न्हाई ऐकायचं. आणि माझ्या दारीबी येऊ नकोस."

थोड्याच दिवसांत त्याची लेक निशिगंधा त्याला चाकणला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. कंपन्यांच्या गर्दीतलं चाकण काही विलायत नव्हे, पण रुसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. साहेबराव फोन करायचा, रंगराव घ्यायचा नाही.

आता पेटीशी भांडण जागेचं होतं. साहेबरावानं दुसरी तसलीच आयसी पहिलीच्या डोक्यावर बसवली, पायाला पाय लावून डाग दिले. एकच पाय वाकवून वेगळा काढला आणि त्याला स्वतंत्र तार दिली. एका दारात दोन बिऱ्हाडं, घंटी तेवढी वेगळी. डाग शेजारच्या पायावर सांडायचा. सांडला की खरवडायचा, पुन्हा द्यायचा. जयंती येऊन गेली. चौकात मिरवणुकीचं संगीत वाजत होतं तेव्हा हा खिडकी लावून कॅसेटवरचा 'हं' शोधत होता.

अखेर सगळं बसलं. हुंकार, मागून थाप, थापेची शेपूट, सगळं.

पेटी, कीबोर्ड आणि लहानसा स्पीकर बोचक्यात बांधून तो बसनं चाकणला गेला. दार निशिगंधानं उघडलं. "काका, बाबा आत आहेत. पण तुमचं नाव काढलं की..."

"असू दे, पोरी. मी हितंच बसतो."

हॉलमध्ये फरशीवर त्यानं पेटी मांडली. आतलं दार लावलेलं होतं. साहेबरावानं जुना ठेका धरला. हं, आणि थाप. हं, आणि थाप. त्याची बोटं थकली तसा तो थांबला.

"थांबू नका, काका." निशिगंधा दाराच्या फटीतून बघत होती. हळूच म्हणाली, "डोळे मिटलेत. डावा हात मांडीवर चाललाय."

साहेबराव वाजवत राहिला. बऱ्याच वेळानं आतून रंगरावाचा आवाज आला, "निशे, त्याला म्हणावं, पेटी हितंच ठेव."

"आणि काकांना आत बोलावू?"

आतून आलं, "चहा पाज त्याला."

एवढंच. साहेबरावानं फरशीवरच चहा घेतला, वाजवलेला ठेका कीबोर्डात साठवला आणि निशिगंधाला बटणं दाखवली. कुठलं दाबलं की रंगराव वाजतो, कुठलं दाबलं की थांबतो. दोनदा विचारलं, "कळलं ना?" दारावर थाप द्यावी असं मनात आलं. दिली नाही. ज्याच्यासाठी केलं त्याला ते पोचलं होतं. आपण त्यात नव्हतो, तर नव्हतो.

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. बोचक्याचं फडकं घडी करून त्यानं शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. मोशीला शिफ्ट सुटलेली माणसं चढली. एकजण सीटपाशी अडखळला.

"काका, कुणी बसलंय का इथं?"

साहेबरावानं फडकं उचलून मांडीवर घेतलं. "न्हाई, भाऊ," तो म्हणाला, "बस की."